वास न येणारं यंत्र

हेमचंद्रने बोट गोड्या तेलात बुडवलं, हळदीच्या डब्यात टेकवलं आणि ओट्यावरच्या नव्याकोऱ्या यंत्राच्या काचेवर, अगदी खालच्या कोपऱ्यात, फिरवलं. मग मागे सरून, मान तिरकी करून पाहिलं. डाग फार ताजा दिसत होता. तो बेडरूममधून हेअर ड्रायर घेऊन आला आणि डाग वाळवायला लागला.

"आता बघ. कसं दिसतंय?"

"घाण," शोभना म्हणाली.

"घाण नाही गं, यूज्ड दिसलं पाहिजे. रोज वापरतो आपण हे. दोन वर्षं झाली घेऊन. लक्षात ठेव."

यंत्र मंगळवारी आलं होतं. कंपनीच्या ड्रायव्हरने, लियाकतने, दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या गोदामातून ते आणून दिलं तेव्हा खोक्याची चिकटपट्टीसुद्धा निघालेली नव्हती. मासे भाजायचं जपानी यंत्र होतं ते. टोस्टरहून थोडं लांब, आत जाळी, वर-खाली तापणाऱ्या कांड्या आणि माथ्यावर धूर नि वास दोन्ही गिळून टाकणारी कसलीशी चाळणी. हेमचंद्रच्या कंपनीचं ऑफिस जुन्या दुबईत, देऱ्यात होतं आणि ती असल्याच वस्तू विकायची: भात शिजला की गाणं वाजवणारा कुकर, जेवणाच्या टेबलावर मधोमध ठेवायचा विजेचा तवा, चहाचं पाणी वेगळं आणि नूडल्सचं वेगळं तापवून देणारी शहाणी किटली. तेजीच्या दिवसांत नव्या टॉवरांतले नवे लोक हे सगळं हौसेने उचलत. आता मंदीत टॉवर अर्धवट उभे होते, कर्जबाजारी लोक एअरपोर्टच्या पार्किंगमध्ये गाड्या टाकून पळत होते आणि मासे भाजायची यंत्रं गोदामात छतापर्यंत रचून पडली होती.

ओसाकाच्या मूळ कंपनीचे मोरी नावाचे गृहस्थ आले होते ते यासाठीच. एजन्सी ठेवायची की काढून घ्यायची हे त्यांच्या रिपोर्टवर ठरणार होतं. हेमचंद्रचे साहेब सदानंद यांनी तेजीच्या काळात ओसाकाला मोठ्या तोऱ्यात लिहून टाकलं होतं, की दुबईतली भारतीय कुटुंबं या यंत्रावर जीव टाकतात, घरोघरी रोज वापरतात. मोरींनी आता शांतपणे उत्तर दिलं, मला असं एक घर दाखवा. सदानंदांचं कुटुंब पुण्यात, त्यांच्या इथल्या फ्लॅटमध्ये बिस्किटांखेरीज काही नसायचं. म्हणून हेमचंद्रचं घर.

"एजन्सी गेली की खलास," सदानंदांनी हेमचंद्रला केबिनमध्ये बोलावून सांगितलं होतं. "व्हिसा कॅन्सल, सामान पॅक. तुझा जोकिम गेला ना जानेवारीत? तसंच."

जोकिम गोदाम सांभाळायचा आणि याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहायचा. आता तो बायकोला घेऊन वसईला बसला होता आणि त्याच्या दारावर भाड्याची पाटी लागली होती. येताजाता लिफ्ट त्या मजल्यावर थांबली की हेमचंद्र त्या दाराकडे बघायचा. रात्री झोपेत दात खायचा. शोभनाला त्याची दया येत होती, हे इथेच सांगून टाकलेलं बरं.

"पण या घरात मासा?" तिने मंगळवारी विचारलं होतं. "तुम्हाला मळमळेल ना."

"मी बघतो माझं. तू फक्त भाजायचं बघ."

शोभना गिरगावातल्या सारस्वतांकडची, माशाशिवाय जेवणाला जेवण न म्हणणाऱ्या घरातली. हेमचंद्र पुण्याचा, शाकाहारी घरातला. लग्न ठरलं तेव्हा सासरच्यांनी अट वगैरे काही घातली नाही, माणसं सुशिक्षित होती. साखरपुड्यानंतर हेमचंद्रनेच तिला गच्चीत बाजूला घेऊन सांगितलं, "माझी सक्ती नाही बरं का. पण मला तो वास सहनच होत नाही. खरंच ओकारी येते. त्याला मी तरी काय करू?" अट असती तर ती भांडली असती. माणसाच्या पोटाशी कोण भांडणार? ती हो म्हणाली.

मुलीच्या, आभाच्या वेळी मात्र तिला बांगड्याचे डोहाळे लागले. जीव नुसता कासावीस व्हायचा. जोकिमच्या बायकोने, कॉन्सेप्टाने, ते ओळखलं आणि एके दुपारी तळलेले बांगडे डब्यात घालून गुपचूप वर आणून दिले. शोभनाने ओट्याशी उभ्याउभ्या दोन घास खाल्ले असतील नसतील, तोच हेमचंद्र ऑफिसातून लवकर आला. त्याने दारातच नाक धरलं, बेसिनकडे धावला आणि सगळ्या मजल्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने खाकरत राहिला. डबा कचऱ्यात गेला. ती डोक्यावरून न्हाली, खिडक्या उघडल्या, धूप घातला, आणि त्याची माफी मागितली. सातवा महिना होता तिला. त्यानंतर तिने मासा मनातूनही काढून टाकला. सुपरमार्केटात माशांच्या काउंटरवरून जाताना श्वास रोखून चालायची तिला इतकी सवय झाली, की रोखतोय हेही कळेनासं झालं.

आज शुक्रवार, सुट्टीचा दिवस. सकाळी हेमचंद्र स्वतः देऱ्याच्या फिश मार्केटमधून बांगडे घेऊन आला होता. शोभनाने तोंडाने श्वास घेत पिशवी उघडली. कल्ले लालभडक, डोळे काचेसारखे स्वच्छ, अंग ताठ. पहिल्यांदा मासे घ्यायला गेलेल्या माणसाला कोळी असा माल देत नाहीत. नशीब जोरावर दिसतंय, असं तिला वाटलं.

पाहुणे एक वाजता आले. मोरी साठीचे, किडकिडीत, बोलण्यात मऊ. त्यांनी बूट काढून, टोकं दाराकडे करून नीट जुळवून ठेवले आणि रंगीत कागदात बांधलेला खोका दोन्ही हातांनी शोभनाला दिला. सदानंद ट्रेनिंगसाठी काही महिने ओसाकाला राहून आले होते आणि तेव्हापासून फोनवर बोलतानाही कमरेत वाकत. आज तर त्यांची कंबर सरळच होत नव्हती.

"वहिनी, यल्ला, चला, दाखवा तुमचं साम्राज्य," ते म्हणाले.

मोरी थेट स्वयंपाकघरात आले. कुकर पाहिला, किटली पाहिली. मग यंत्रापुढे वाकून त्यांनी चष्मा वर केला. हळदीच्या डागाकडे त्यांचं लक्षही गेलं नाही. यंत्राच्या बाजूला कुंकवाचं एक बोट उमटलं होतं, त्यावर दोन तांदळाचे दाणे चिकटलेले, त्याकडे ते बघत राहिले. घरात नवी वस्तू आली की हळदकुंकू लावायचं, हे शोभनाच्या हाताला इतकं सवयीचं होतं की मंगळवारी तिने खोक्यातून यंत्र काढताकाढताच ते लावून टाकलं होतं. डाग पाडण्याच्या नादात हेमचंद्रला ते दिसलं नव्हतं. आत्ता दिसलं, आणि त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

"हे काय?" मोरींनी विचारलं. ते इंग्रजीत बोलत, एकेक शब्द जागेवर ठेवत.

"पूजा, सर," सदानंद म्हणाले. "भारतीय प्रथा. स्वयंपाक करण्याआधी रोज."

"नो," दारात उभी असलेली आभा म्हणाली. नऊ वर्षांची, शाळेत खोटं बोलू नये हे नुकतंच पक्कं शिकलेली. "आई डिड इट ऑन ट्यूसडे. व्हेन इट केम."

किटलीने पाणी तापल्याची शीळ घातली. हेमचंद्रने आभाचा दंड धरला, दहीभाताची वाटी तिच्या हातात दिली आणि तिला तिच्या खोलीत नेऊन दार ओढून घेतलं. सदानंद हसत हसत नव्या जाळीबद्दल काहीतरी सांगू लागले, जाळी मंगळवारी बदलली, यंत्र जुनंच. मोरी मान डोलवत होते, पण डोळे यंत्रावरून हटत नव्हते.

आता गेलंच सगळं, हे शोभनाला कळलं. ऊद मेथातला हा फ्लॅट, आभाची शाळा, बँकेचे हप्ते. तिने साडीचा पदर खोचला, बांगडा उचलला आणि कागदाने त्याचं अंग कोरडं केलं, म्हणजे कातडी जाळीला चिकटत नाही. सुरीने पाठीवर दोन तिरक्या चिरा दिल्या, पोटाकडे नाही, तिथे दिल्या तर सगळी चरबी गळून जाते. मीठ वरून भुरभुरवलं, शेपटीला मात्र दाबून लावलं, जळू नये म्हणून. डोकं आतल्या बाजूला करून मासा जाळीवर ठेवला, मग शेजारी बाकीचेही. हे सगळं करताना ती तोंडाने श्वास घेत होती. हातांना काही विचारावं लागलं नाही.

मोरी टाचा उंचावून बघत होते.

"कोणी शिकवलं?"

"आजीने," ती म्हणाली.

"माझी आईसुद्धा शेपटीला मीठ दाबते," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच मोकळे हसले. "या घराला मासा कळतो."

सदानंदांनी सोडलेला श्वास सगळ्यांना ऐकू आला.

मोरींच्या सांगण्यावरून यंत्र जेवणाच्या टेबलावर नेलं, एक्स्टेन्शनची वायर ओढून. त्यांच्याकडे असंच असतं, ते म्हणाले. तवा टेबलावर, कुकर टेबलाशेजारी, किटली हाताशी. यंत्र टेबलावर असलं म्हणजे आई पण टेबलाशी बसते. आणि हे वास गिळणारं यंत्र का निघालं, तर ओसाकातल्या त्यांच्या घराच्या भिंती कागदासारख्या पातळ. आपल्या माशाचा शेजाऱ्याला त्रास होऊ नये, म्हणून आई रोज खिडकीबाहेर हात जोडायची.

"वास वाईट नसतो," ते शोभनाकडे बघून म्हणाले. "दुसऱ्याला त्रास देणं वाईट. तुम्ही बसा."

ती बसली. भाताच्या कुकरने गाणं वाजवलं. यंत्रातला मासा तडतडत होता, कातडी फुगून तपकिरी होत होती, आणि खरोखर, नाकाशी काही येत नव्हतं. सदानंद सूप आवाज करत ओढत होते, कारण जपानात तसं ओढतात. त्यांच्या हनुवटीवरून एक ओघळ खाली आला होता आणि तो त्यांनी पुसला नाही. शोभनाने नजर ताटाकडे वळवली. तिच्या ताटात भात होता आणि लोणच्याची फोड. मासा पाहुण्यांचं झाल्यावर घेईन, असं तिने सांगितलं होतं.

मोरींनी पहिला बांगडा चॉपस्टिकनी उचलून, मान दिल्यासारखा, हेमचंद्रच्या ताटात ठेवला. शोभना अंग चोरून बसली. आता हा तोंड फिरवणार, बेसिनकडे धावणार, आणि इतकं करून सगळं पाण्यात जाणार. तिने टेबलाखाली त्याच्या गुडघ्याला हात लावला, धीर द्यायला.

हेमचंद्रने चॉपस्टिक बाजूला ठेवल्या. अंगठ्याने बांगड्याची पाठ दाबून मांस दोन्हीकडे सैल केलं. शेपटी चिमटीत धरली, हलकाच झटका दिला, आणि मधला काटा डोक्यासकट, एकसंध, वर उचलून ताटाच्या कडेला ठेवला. एक कुसळही मागे राहिलं नाही. मग गालाजवळचा मऊ तुकडा, जो माशातला सगळ्यांत गोड भाग असतो हे फक्त खाणाऱ्यालाच ठाऊक असतं, तो बोटाने काढून तोंडात टाकला. बोट चोखलं.

"मस्त," तो म्हणाला. "अवर फेव्हरिट, सर."

शोभनाने त्याच्या गुडघ्यावरचा हात काढून घेतला.

तिचे काका असे खायचे, जन्म बांगड्यांत गेलेले. हे एका दिवसात येत नाही, नाक दाबून गिळणाऱ्याला तर नाहीच. हेमचंद्रने दुसरा बांगडा घेतला. ओठांना तेल चकाकत होतं, मिशीत मिठाचा कण अडकला होता. तो सदानंदांच्या विनोदावर हसला तेव्हा दातांत अडकलेला मांसाचा धागा दिसला, आणि तो जिभेने तिथेच घोळवत राहिला. शोभनाला किळस आली. माशाची नाही, त्याची. ही किळस इतकी सरळ आणि स्वच्छ होती की ती स्वतःच थोडी घाबरली. उठून तिने पाण्याचा जग भरून आणला आणि परत येऊन एक खुर्ची सोडून बसली.

जाताना मोरींनी यंत्राशेजारी तिला उभं करून फोटो काढले. ओसाकाला पाठवतो म्हणाले. सदानंदांनी लिफ्टपाशी हेमचंद्रच्या पाठीवर थाप मारली आणि तो त्यांना सोडायला खाली गेला.

हेमचंद्र वर आला तो पायऱ्या चढून आल्यासारखा धापा टाकत.

"झालं! एजन्सी राहिली. तीन वर्षं तरी मरण नाही. मोरी म्हणाला कॅटलॉगमध्ये फोटो घालतो तुझा. आणि ऐक, साहेब म्हणाले डीलर लोक आले की दर वेळी इथेच आणायचं जेवायला. तुला आता बिनधास्त मोकळीक. मासे आणत जा, करत जा. कंपनी देईल पैसे. खूश?"

शोभना टेबल आवरत होती. ताटाच्या कडेला तो काटा तसाच पडला होता, डोक्यासकट.

"मळमळलं नाही तुम्हाला?"

"नोकरीचा प्रश्न होता गं. गिळलं कसंबसं."

"काटा एका झटक्यात काढलात."

तो पाणी प्यायला. ग्लास खाली ठेवायला त्याने नको तितका वेळ घेतला.

"ते काय, क्लायंटबरोबर जावं लागतं कधीकधी. देऱ्यात. लंचला. नाही म्हटलं तर वाईट दिसतं."

"कधीपासून?"

"आता तारीख सांगू का? दुबईत आल्यावर सगळेच खातात." तिच्या चेहऱ्याकडे बघून त्याने आवाज खाली आणला. "बाहेरचं वेगळं असतं, शोभना. घराचं घरासारखं नको का राहायला? आणि तू तरी कधी म्हणालीस, की मला हवंय म्हणून?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. बेसिन, खाकरणं, धूप, न्हाणं, हे त्याच्या लक्षात तरी होतं का, हे त्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. बहुधा नसावं. तो खरोखर बुचकळ्यात पडल्यासारखा दिसत होता.

"जरा पडतो," तो म्हणाला. "आठवडाभर झोप नाही. तू जेवून घे."

बेडरूमचा एसी सुरू झाल्याचा आवाज आला. शोभनाने यंत्राची काच उघडली. आत एक बांगडा उरला होता, अजून कोमट, पाठीवरच्या चिरांतून पांढरं मांस दिसत होतं. तिने तो ताटात घेतला. भात घेतला. मग खुर्चीवर बसून, कुणाची वाट न बघता, मोठा तुकडा काढला. बोटांना चरबीची ओळख पटली. आजी ताटाशेजारी बसून काटे काढून द्यायची ते आठवलं, तोंडाला पाणी सुटलं. तिने डोळे मिटून घास घेतला.

पहिल्यांदा मीठ लागलं. मग मासा लागला. आणि मग पोटातून काहीतरी उलटं वर चढत आलं. तिने ओठ घट्ट मिटले, गिळायचा प्रयत्न केला, टेबलाची कड धरली. घसा घासाला आत घेईना. ती उठून सिंकपाशी पोचली तेवढंच. घास बाहेर आला, त्यामागून सकाळचा चहा आला, आणि काहीच उरलं नाही तरी पोट पिळवटत राहिलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. नाटक नव्हतं ते. हे तिचं स्वतःचं पोट होतं आणि ते खरंच ओकत होतं.

"काय झालं गं?" आतून हेमचंद्रने झोपाळू आवाजात विचारलं.

तिने नळ पूर्ण सोडला.

तोंड धुऊन ती वळली तेव्हा आभा खुर्चीवर गुडघे टेकून बसली होती. दहीभाताची वाटी तिने न खाताच परत आणली होती. ती ताटातल्या बांगड्याकडे वाकून बघत होती.

"आई, कॅन आय ट्राय?"

शोभना तिच्या शेजारी बसली, ताट पुढे ओढलं आणि श्वास रोखून काटे काढायला लागली. मोठा काटा, मग बाजूचे, मग पोटाजवळचे केसासारखे बारीक. प्रत्येक तुकडा बोटांत दाबून बघत होती. पोट पुन्हा वर येत होतं, ते ती खाली ढकलत होती. साफ केलेला पहिला तुकडा तिने आभाच्या तोंडात घातला.

आभा सावकाश चावत राहिली.

"कसा लागतो?" शोभनाने विचारलं.

"सॉल्टी." आभाने विचार केला. "स्किन क्रंची आहे. इनसाइड सॉफ्ट. थोडा स्वीट पण."

"गोड कुठे लागतो? जिभेच्या टोकाला, की गिळल्यावर?"

"आफ्टर."

शोभनाने दुसरा तुकडा निवडून तिच्यापुढे धरला.

"अजून सांग," ती म्हणाली.